वैयक्तिक संकेतस्थळ सगळ्यांना वापरता यावं म्हणून आधी काय करावं?

पंचवटीचा_पांथस्थ
नमस्कार मंडळी. जुन्या नाशकावर माझं एक छोटंसं संकेतस्थळ आहे. वाडे, घाट, देवळं यांवरचे लेख, भरपूर फोटो, आणि पंचवटी, तांबट लेन या भागातल्या वयस्कर माणसांच्या आठवणींची ध्वनिमुद्रणं असा सगळा मामला. पानं साधी एचटीएमएलची, मी हातानेच लिहिलेली. अगदी सुरुवातीचे लेख कृतिदेव टंकात आहेत, कारण तेव्हा सगळे तसंच टाइप करायचे.

तिथे आलेल्या कुणाचंही अडू नये अशी मनापासून इच्छा आहे. दिसत नाही, कमी दिसतं, ऐकू येत नाही, माउस धरता येत नाही, फोन जुना आहे, कुणीही असो. नेटवर वाचायला बसलो तर नियमांची जंत्री एवढी लांब की हात कुठून घालावा तेच कळेना. नोकरी सांभाळून संध्याकाळी जेवढं जमेल त्यात आधी काय, नंतर काय? ज्यांना स्वतःला अशा अडचणी येतात त्यांनी तर आवर्जून लिहा.

अंबडकर
विषय काढलात ते फार बरं केलंत. पानं साधी एचटीएमएलची आहेत म्हणजे निम्मं काम आधीच झालंय. बटण म्हणून बटणाचाच टॅग, शीर्षक म्हणून शीर्षकाचाच टॅग, यादी म्हणून यादीचाच टॅग वापरला की बाकीचं ब्राउझर आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम) आपापसात बघून घेतात. घोळ होतो तो नुसता मजकूर ठळक आणि मोठा करून त्याला ‘शीर्षक’ म्हटल्यावर. डोळ्यांना ते शीर्षक वाटतं, यंत्राला तो एक साधा परिच्छेद असतो.

तुम्ही पाहिलेली जंत्री बहुधा डब्ल्यूसीएजीची, म्हणजे संकेतस्थळं सगळ्यांना वापरता यावीत म्हणून केलेल्या नियमांची असणार. वेबची मानकं ठरवणारी डब्ल्यू३सी ही संस्था ती काढते. २.० आवृत्ती २००८ची, २.१ २०१८ची आणि २.२ २०२३ची. त्यात ए, डबल ए आणि ट्रिपल ए अशा तीन पायऱ्या आहेत. डबल ए हे ध्येय ठेवा, पण पहिल्याच दिवशी अख्खी यादी घेऊन बसू नका.

टवाळ_त्र्यंबक
म्हणजे ट्रिपल ए सिंहस्थाला ठेवायचं का? २०२७ आहेच की समोर!

मोगरा
पांथस्थदादा, मी जन्मांध आहे, राहते नाशिकरोडला. तुमच्यासारखी संकेतस्थळं मी खूप वाचते, म्हणून सविस्तर लिहिते.

संगणकावर मी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरते. फुकट आहे, कुणीही उतरवून घ्यावं. फोनवर टॉकबॅक. पान उघडलं की मी वरपासून खालपर्यंत ऐकत बसत नाही. तुम्ही नजर फिरवता ना, तशी मी एच हे अक्षर दाबत जाते. दर दाबणीला पुढचं शीर्षक वाचलं जातं, त्यावरून पानात काय आहे ते समजतं. शीर्षकं खरी नसतील तर एच दाबल्यावर ‘पुढे शीर्षक नाही’ एवढंच ऐकू येतं. मग दहा मिनिटांचा लेख मला एखाद्या लांबच लांब भिंतीसारखा हाताने चाचपत जावा लागतो.

दुसरं म्हणजे दुवे. इन्सर्ट आणि एफ७ दाबलं की पानावरच्या सगळ्या दुव्यांची यादी येते. त्यात ‘येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, अधिक वाचा, अधिक वाचा’ असं असेल तर मी काय निवडू? ‘सरकारवाड्याचा इतिहास वाचा’ असं लिहिलं की प्रश्न मिटला.

तिसरं, कृतिदेव. ते लेख मला वाचताच येत नाहीत. त्या टंकात ‘मराठी’ लिहिलं की पडद्यावर दिसतं मराठी, पण आत साठवलेली असतात ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं. टंक वरून त्यांना मराठी कपडे घालतो. माझ्या यंत्राला कपडे दिसत नाहीत. माझ्यासाठी तुमचा अख्खा लेख ‘ईजेकेबीएच’ छापाची बडबड असते. तेव्हा सगळ्यात आधी ते लेख युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, आणा.

शिरोरेखा
मोगराताईंना जोरदार अनुमोदन. रविवार कारंजापाशी आमचं डीटीपीचं काम चालतं, त्यामुळे रूपांतराबद्दल दोन शब्द. कृतिदेवाची रूपांतरकं नेटवर फुकट मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं या तीन जागी हमखास गडबड होते, कारण त्या टंकात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, तर युनिकोडमध्ये नेमकं उलटं. ‘गोवर्धन’, ‘तीर्थ’, ‘स्थिती’ असले शब्द शोधून तपासा. मूळ फाइल मात्र जपून ठेवा.

आणखी एक, आपल्या लिपीपुरतं. इंग्रजी संकेतस्थळांचे तयार साचे घेतले की त्यात शीर्षकांना लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर, दिलेलं असतं. देवनागरीत त्याने शिरोरेखा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांची रांग होऊन बसतो. ज्यांना आधीच वाचायला कष्ट पडतात त्यांचे आणखी हाल. ते सरळ शून्य करा. ओळींमधलं अंतर मात्र सढळ हाताने द्या, टंकाच्या आकाराच्या दीडपट तरी, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात. आणि मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवू नका. छापील स्तंभात ते शोभतं, फोनवर शब्दांमध्ये भगदाडं पडतात.

हिशोबी
सगळ्यांचा आदर राखून एक विचारतो. वैयक्तिक संकेतस्थळ आहे, बँकेचं नाही. येणारे मोजके. त्यातले स्क्रीन रीडरवाले किती असणार? त्यापेक्षा लेख वाढवावेत, हा वेळ तिकडे द्यावा, असं माझं मत.

अंबडकर
हिशोबीराव, किती ते मोजताच येत नाही. कुणी स्क्रीन रीडर लावलाय ही माहिती ब्राउझर संकेतस्थळाला देतच नाही. आकडेवारीत शून्य दिसेल, म्हणजे माणसं शून्य असा अर्थ होत नाही. आणि ज्याला पहिल्याच पानावर अडलं तो परत येत नाही, मग तो मोजणार कोण?

२०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. शिवाय ज्यांची कुठेच नोंद नाही असे चाळिशीवाले, मोतीबिंदूवाले, हात प्लास्टरमध्ये असलेले वेगळेच.

सुलभाकाकू
मीच ती मोतीबिंदूवाली! एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. मला यातलं तांत्रिक काही कळत नाही, पण एक सांगते. फोनवर दोन बोटांनी अक्षर मोठं करायला जावं तर काही ठिकाणी ते होतच नाही, पान हटून बसतं. काही ठिकाणी मोठं होतं, पण मग एकेक ओळ वाचायला पान डावीउजवीकडे सरकवत बसावं लागतं. तिसऱ्या ओळीपर्यंत मी आधी काय वाचलं तेच विसरते. आणि ती फिकट करडी अक्षरं! तारीख, फोटोखालची ओळ, सगळं धुक्यात. एवढं नाजूक लिहायची काय फॅशन आहे कोण जाणे.

अंबडकर
काकू, तुमच्या दोन्ही तक्रारी त्या जंत्रीत जशाच्या तशा आहेत बघा. मजकूर दुप्पट मोठा केला तरी पान मोडता कामा नये असा नियम आहे. पांथस्थ, पानाच्या कोडच्या डोक्याशी व्ह्यूपोर्टची, म्हणजे फोनवर पान किती मोठं दिसावं ते सांगणारी, ओळ असते. त्यात ‘युजर स्केलेबल नो’ किंवा ‘मॅक्सिमम स्केल’ असेल तर काढून टाका. रुंदी पिक्सेलमध्ये बांधून ठेवू नका, म्हणजे ओळी आपोआप खाली वळतील.

करड्या अक्षरांचं माप असं. साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५ : १ हवा, मोठ्या शीर्षकांना ३ : १ चालतो. पांढऱ्यावर ७६७६७६ या कोडचा करडा कसाबसा पास होतो, त्याहून फिकट म्हणजे नापास. आपल्याकडची नेहमीची गंमत म्हणजे भगव्या पट्टीवर पांढरी अक्षरं. एफएफ९९३३ या भगव्यावर पांढरं टाकलं तर हिशोब जेमतेम २.१ : १ येतो. त्याच पट्टीवर काळी अक्षरं टाका, जवळपास १० : १ होतो. पट्टी तीच, फक्त अक्षरांचा रंग बदलायचा.

वेबएम नावाची संस्था दरवर्षी १० लाख मुखपृष्ठं यंत्राने तपासते. त्यात पहिला नंबर दरवेळी याच दोषाचा असतो, पाचातल्या चार पानांवर तो सापडतो. त्यांचंच वेव्ह नावाचं फुकट साधन आहे, पत्ता टाकला की चुका दाखवतं.

द्राक्षबाग_दिंडोरी
काकूंच्या कॉन्ट्रास्टच्या मुद्द्याला माझंही अनुमोदन, आणि माझे डोळे ठणठणीत आहेत. गोडी छाटणीच्या दिवसांत दुपारच्या उन्हात बागेत उभं राहून फोन बघा, म्हणजे कळेल. फिकट काही दिसत नाही. हाताला औषध लागलेलं असतं, म्हणून एकाच बोटाने काम चालतं. छोटी छोटी बटणं एकमेकांना चिकटून असली की हवं ते सोडून भलतंच दाबलं जातं.

आणि फोटो हलके ठेवा हो. कॅमेऱ्यातून निघाला तसाच फोटो चढवला की आमच्या शिवारात तो अर्धाच उतरतो.

अंबडकर
बरोबर. २.२ आवृत्तीत बटणाचा आकार किमान २४ गुणिले २४ पिक्सेल हवा असा नियम आला. मी ४४ सुचवेन, बोटाला तेवढी जागा लागतेच.

झटपट
एवढा खटाटोप कशाला? एक विजेट मिळतं, कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह येतं, दाबलं की अक्षर मोठं, रंग उलटे, सगळं होतं. कोडची एक ओळ टाकली की काम तमाम.

मोगरा
नको, कृपा करून नको. माझ्याकडे माझा स्क्रीन रीडर आहे, माझ्या सवयीच्या वेगावर लावलेला. ते विजेट त्याच्यामध्ये येऊन बोलायला लागतं, कळा पळवतं, आणि मी पानापेक्षा त्या विजेटमधून बाहेर कसं पडायचं तेच शोधत बसते. आणि आतल्या फोटोला वर्णन नसेल तर विजेट ते कुठून आणणार?

अंबडकर
झटपट, याच दाव्यावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये ॲक्सेसीबी या कंपनीवर कारवाई केली आणि १० लाख डॉलर भरायला लावले. आमचं साधन लावा, संकेतस्थळ नियमांत बसेल, ही त्यांची जाहिरात टिकली नाही.

पंचवटीचा_पांथस्थ
विजेट बाद. मोगराताई, एक विचारतो. फोटो खूप आहेत. फोटोचं वर्णन म्हणून ऑल्ट मजकूर लिहायचा हे माहीत आहे, पण किती लिहायचं? घाटाचा एक फोटो म्हणजे देवळं, पायऱ्या, कपडे वाळत घातलेले, छत्र्या, कबुतरं. सगळं लिहू?

मोगरा
सगळं नको. तो फोटो तुम्ही तिथे का लावलात, तेवढं सांगा. समजा पुराच्या लेखात दुतोंड्या मारुतीचा फोटो आहे. ‘मारुतीची मूर्ती’ असं लिहिलंत तर मला काहीच मिळालं नाही. ‘गोदावरीला पूर, पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत’ असं लिहिलंत की नाशिककराला आणखी काय सांगायला हवं? मी लहानपणापासून घरात ऐकत आलेय, पाणी कमरेला लागलं, गळ्याला लागलं. पुराचं मोजमाप आहे ते आपलं. फोटोत तुम्ही तेच दाखवताय ना, मग तेच लिहा.

‘फोटो’, ‘चित्र’ असे शब्दही नकोत, यंत्र स्वतःच आधी ‘ग्राफिक’ म्हणतं. नुसती वेलबुट्टी असेल तर ऑल्ट रिकामं ठेवा, पण ठेवा. गुणधर्मच नसेल तर यंत्र फाइलचं नाव वाचायला लागतं, आणि कॅमेऱ्याने दिलेले ते आकडे ऐकताना जीव नकोसा होतो.

टवाळ_त्र्यंबक
मिसळीच्या फोटोला काय लिहायचं? ‘तर्री’ एवढं पुरे ना?

मोगरा
नाही हो! काळी की लाल, सोबत पापड आहे की नाही, पाव किती, हे सगळं हवं. इथे मला तपशील लागतात.

द्राक्षबाग_दिंडोरी
आणि चूल की गॅस तेही लिहा. चुलीवरची असेल तर पत्ता ऑल्टमध्येच द्या.

सुलभाकाकू
मुलांनो, मिसळीवर गेलात की धागा संपला समजायचं. परत या.

सांकेतिक
मी कर्णबधिर आहे. इथपर्यंत सगळी चर्चा डोळ्यांची झाली, म्हणून कानांची बाजू मांडतो.

पांथस्थ, तुमच्या संकेतस्थळाचं सगळ्यात मोलाचं अंग ती ध्वनिमुद्रणं आहेत, आणि माझ्यासाठी तिथे फक्त एक त्रिकोणी बटण आहे. खाली दोन ओळींचा सारांश असतो, ‘आजी जुन्या लग्नांबद्दल बोलतात’. त्या काय बोलल्या? कोणत्या शब्दांत बोलल्या? ते सगळ्यांना मिळालं, मला विषय तेवढा मिळाला. मला पूर्ण लेखी उतारा हवा. कोण बोलतंय, मध्ये हसू येतं, आवाज भरून येतो, हेसुद्धा कंसात लिहा.

दुसरी विनंती सोप्या वाक्यांची. आमच्यातल्या बऱ्याच जणांची पहिली भाषा खुणांची असते, लेखी मराठी आम्ही नंतर शिकतो. लेख सोपा करा असं म्हणत नाही. पण ‘हे पान कसं वापरावं’, ‘संपर्क’ असला मजकूर छोट्या वाक्यांत असावा. आणि संपर्काला नुसता फोन नंबर देऊ नका, ईमेल किंवा संदेशाची सोय ठेवा.

हिशोबी
सांकेतिक, तुमचं म्हणणं पटतं. पण व्यवहार बघा. तासाभराच्या गप्पा उतरवायला एकट्या माणसाला कित्येक तास लागतात. अशी ध्वनिमुद्रणं ढीगभर असतील तर माणूस दमून सगळंच सोडून देईल. म्हणून हे काम शेवटी ठेवावं.

सांकेतिक
शेवटी ठेवलेलं काम राहूनच जातं, हा आमचा आयुष्यभराचा अनुभव आहे. मी म्हणेन, आजपासून नवीन ध्वनिमुद्रण उताऱ्याशिवाय चढवू नये. जुनी एकेक करून घ्यावीत. उतारा झाला की त्याचा उपयोग सगळ्यांनाच होतो. आजींनी सांगितलेलं एखादं आडनाव, एखाद्या वाड्याचं नाव शोधायचं तर ध्वनीत शोधता येत नाही, लेखात येतं.

शिरोरेखा
फोनच्या कीबोर्डवर मराठी आवाजी टायपिंग आहे. मुद्रण ऐकत ऐकत तुम्ही स्वतः स्पष्ट आवाजात तेच बोलत जायचं, यंत्र टाइप करतं. जुने शब्द ते चुकवतं, ते हाताने सुधारायचे. टाइप करत बसण्यापेक्षा बरंच लवकर होतं. एखाददुसऱ्या उताऱ्याचं मुद्रितशोधन मी करून देईन, आनंदाने.

सुलभाकाकू
मीसुद्धा करते. माझं माहेर पंचवटीतलंच, तिथले जुने शब्द मला माहीत आहेत. अक्षर तेवढं मोठं पाठवा.

वकीलीण
कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये माहिती आणि संपर्क तंत्रज्ञान सुगम असण्याबद्दल कलम ४२ आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ई-केवायसीच्या (ऑनलाइन ओळख पटवण्याच्या) प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध व्यक्तींनी त्या याचिका केल्या होत्या. पडद्यासमोर डोळे मिचकवून ‘जिवंत असल्याचं’ सिद्ध करा, ही अट त्यांना पाळताच येत नव्हती. पांथस्थांच्या छोट्या संकेतस्थळावर उद्या कुणी नोटीस घेऊन येईल असं नाही. पण ज्याला न्यायालय हक्क म्हणतं त्याला आपण ‘वेळ मिळाला तर’ म्हणू नये, एवढंच माझं मत.

टवाळ_त्र्यंबक
हे मात्र गंभीरपणे लिहितो. सिंहस्थाची माहिती लोक फोनवरच बघणार. रस्ते बंद, पार्किंग, स्नानाच्या तारखा. गावातल्या सूचना व्हॉट्सॲपवर चित्र म्हणूनच फिरतात, त्यात एक शब्द निवडता येत नाही की मोठा करता येत नाही. मोगराताईंसारख्यांनी गर्दीच्या दिवशी काय करायचं?

मोगरा
कुणाला तरी ‘वाचून दाखव ना’ म्हणायचं, दुसरं काय. म्हणून चित्र पाठवलंत तरी खाली तोच मजकूर टाइप करून टाका, अशी सगळ्यांना विनंती. सोसायटीच्या गटातसुद्धा.

पंचवटीचा_पांथस्थ
सगळ्यांचे आभार. वाचून कामाची ओळ अशी लावतोय. कृतिदेवाचे लेख युनिकोडमध्ये, तेच पहिलं, कारण ते आज काही वाचकांना वाचताच येत नाहीत. त्याच सोबत प्रत्येक पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी असल्याची नोंद, शीर्षकं, रंग आणि व्ह्यूपोर्ट, कारण ही एका साच्यातली दुरुस्ती आहे. मग फोटोंची वर्णनं, पुराच्या लेखापासून सुरू. नवीन मुद्रण उताऱ्यासकटच चढवीन. हिशोबीराव, जुन्यांचं वेळापत्रक मी बांधत नाही, पण काकू आणि शिरोरेखा मदतीला आहेत तर पहिलं या आठवड्यात घेतोच.

अंबडकर
क्रम उत्तम. भाषेची नोंद एचटीएमएल टॅगमध्ये लँग म्हणून ‘एमआर’ अशी. ती नसली की इंग्रजी आवाज मराठी वाचायला घेऊ शकतो. आणि माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅब कळीने अख्खं संकेतस्थळ फिरून बघा. आपण कुठे आहोत ते दाखवणारी चौकट प्रत्येक ठिकाणी दिसली पाहिजे. दिसायला बरं नाही म्हणून लोक ‘आउटलाइन नन’ लिहून ती घालवतात, मग ज्यांचे हात थरथरतात, जे फक्त कळफलकावर चालतात, ते पानात हरवतात.

मोगरा
आत्ताच तुमचं मुखपृष्ठ आणि एक मुद्रणाचं पान उघडून पाहिलं. मेनू नीट वाचला जातो, छान. मुद्रणाच्या पानावर मात्र मला फक्त ‘बटण, बटण, बटण’ ऐकू येतंय. कोणतं चालू करायचं, कोणतं थांबवायचं, कळत नाही. तिसरं दाबलं तर आजी मध्येच दुसऱ्याच गोष्टीवर गेल्या.

अंबडकर
त्या बटणांत नुसती चिन्हं असणार. पांथस्थ, प्रत्येकाला एरिया लेबल, म्हणजे स्क्रीन रीडर वाचेल असं नाव, द्या, ‘ऐका’, ‘थांबवा’, ‘दहा सेकंद पुढे’. त्याहून सोपं म्हणजे हाताने बनवलेला प्लेअर काढा आणि ब्राउझरचा स्वतःचा ऑडिओ टॅग कंट्रोल्ससकट लावा. त्याची बटणं आधीच नावं घेऊन येतात.

पंचवटीचा_पांथस्थ
प्लेअर काढला, साधा टॅग लावला. मोगराताई, सवडीने परत एकदा बघाल का? सांकेतिक, पहिला उतारा तांबट लेनच्या आजोबांचा घेतोय. त्यात भांडी ठोकण्याचा आवाज सतत मागे आहे. तो कसा लिहू?

सांकेतिक
सुरुवातीला एकदा लिहा, ‘पूर्ण वेळ मागे तांब्याची भांडी ठोकल्याचा आवाज’. आणि जिथे तो थांबतो तिथे, ‘ठोकणं थांबतं’. आजोबा त्याच वेळी काहीतरी महत्त्वाचं बोलत असतील तर ते मला कळायला हवं.